पगडीखालचे टक्कल

पेशवाईतल्या पुण्यात एखाद्या तिशीतल्या पुरुषाचे केस गळू लागले, तर ते फार तर दोघांना कळायचे: घरच्या बाईला आणि दारी येणाऱ्या न्हाव्याला. डोके वस्तऱ्याने भादरलेले, मागे शेंडी, तिच्याभोवती घेरा आणि घराबाहेर पडताना वर पगडी, पागोटे नाहीतर मुंडासे, असा बहुतेक हिंदू पुरुषांचा रिवाज होता. निसर्ग जे काम कपाळापासून सुरू करतो, ते न्हावी आधीच उरकून ठेवी. उलट बोडक्याने चारचौघांत जाणे अशिष्ट मानले जाई, कारण मान होता तो पगडीला, आणि तिच्या घडणीवरून माणसाची जात, हुद्दा, गाव ओळखता येई. तिच्याखाली केस किती, ही चौकशी कोणी करत नसे. आज विवाहसंस्थेत फोटो देताना विशी-पंचविशीतला मुलगा कपाळावर केस ओढून घेतो, तेव्हा त्याला वाटते की ही लाज माणसाच्या स्वभावातच आहे. तसे नाही. टकलाची लग्नाच्या बाजारातली लाज आपल्याकडे फार तर सव्वाशे वर्षांची असेल, आणि ती नुसते केस गेल्यामुळे आलेली नाही. डोक्यावरची पगडी गेली आणि पुरुषाकडे पाहणारी नजर बदलली, म्हणून ती आली.

यावर पहिला आक्षेप पोथ्यांतूनच निघतो. ऋग्वेदातली अपाला इंद्राकडे मागणे मागते, त्यात बापाच्या टकलावर केस उगवावेत हेही एक आहे. आयुर्वेदाने केस गळण्याला खालित्य असे नाव देऊन त्यावर तेले आणि लेप सांगितले. नाट्यशास्त्रातल्या विदूषकाच्या लक्षणांत टक्कल येते, आणि भर्तृहरीच्या नीतिशतकात उन्हाने पोळलेला टकल्या सावलीला जातो तर नेमके फळ त्याच्याच डोक्यावर आदळते. म्हणजे टकलाची हौस कोणालाच नव्हती आणि त्यावर हसणेही जुनेच आहे. पण हे पुरावे नीट पाहिले तर त्यांत एक गोष्ट सापडत नाही. विदूषक हास्यास्पद आहे आणि भर्तृहरीचा टकल्या दुर्दैवी आहे, पण टकलामुळे स्थळ मोडल्याचे तिथे काहीच नाही. उलट टकल्या माणूस क्वचितच गरीब असतो, असे सांगणारे वचन संस्कृतात रूढ होते. दुसऱ्या एका प्रसिद्ध सुभाषिताप्रमाणे लग्नात मुलीला रूप हवे असते, आईला पैसा, बापाला विद्या, भाऊबंदांना कुळ आणि बाकीच्यांना पक्वान्ने. मुलीला काय हवे असते हे समाजाला चांगले ठाऊक होते. फक्त तिचे मत मोजले जात नव्हते.

केस नसलेल्या डोक्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो, याचा सगळ्यात कठोर पुरावा त्याच घरांच्या माजघरात बसलेला होता. जो वस्तरा पुरुषाला मुंजीत, क्षौरात, श्राद्धाच्या आधी शुद्ध करी, तोच वस्तरा उच्चवर्णीय विधवेला लग्नाच्या आणि इच्छेच्या जगातून बाहेर काढी. तिने कोणाच्या नजरेत भरू नये, म्हणूनच तिचे केशवपन होते. ‘बोडका’ हे पुरुषाचे नुसते वर्णन होते, तर ‘बोडकी’ ही शिवी होती. आगरकरांनी या चालीवर लेखणी चालवली, आणि १८९०च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. डोक्याचा तुळतुळीतपणा दोघांचाही सारखाच होता, पण रूप हा फक्त तिचा गुण मानलेला असल्यामुळे ते हिरावून घ्यायचे तर तिच्याकडूनच घेता येत होते. पुरुषाचे मोल कुळ, पत्रिका आणि घरदार यांत साठवलेले होते, आणि तिथवर वस्तरा पोहोचत नव्हता.

इंग्रजी अंमलात हे गणित हळूहळू विस्कटले. साहेबाच्या रीतीत घरात शिरताना टोपी काढायची, आपल्या रीतीत जोडे काढायचे आणि डोके झाकलेले ठेवायचे. या दोन रीतींच्या आड वंशाची भिंतही उभी होती. गोऱ्या माणसाची कवटी उष्ण देशातले ऊन सोसू शकत नाही आणि काळ्याची सोसते, अशी साहेबाची पक्की समजूत होती. भेंडाची सोला हॅट ही त्या समजुतीची खूण होती, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती टिकली. अशा राज्यात शिकलेला मराठी तरुण आधी पगडीखाली केस राखू लागला, मग पगडीच्या जागी टोपी आली आणि शेवटी टोपीही उतरली. टिळक आणि गोखले यांची पिढी छायाचित्रांत पगडीनिशी दिसते. त्यांच्या नातवांच्या वयाची शहरी मुले दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे भांग पाडून, केसांचा कोंबडा काढून उघड्या डोक्याने हिंडताना दिसतात. धोकटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या न्हाव्याच्या जागी ‘केशकर्तनालय’ अशी पाटी आली. वस्तऱ्याचे काम हनुवटीपुरते उरले, डोके कात्रीकडे आणि कंगव्याकडे गेले, आणि समोर भिंतभर आरसा आला. केस ही आता राखायची, दाखवायची आणि म्हणूनच गमवायची वस्तू झाली. पुढे सिनेमाने नायकाला झुलपे दिली आणि टक्कल खलनायकाकडे सोपवले. ‘शान’मधला शाकाल हा त्या वाटणीचा ठसठशीत नमुना म्हणता येईल.

पण नुसत्या फॅशनने एवढी भीती निर्माण होत नाही. दुसरा बदल जास्त खोल होता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ त्यात सगळ्यांच्या हशाचा विषय होतो. असे वर तोवर हजारोंनी बोहल्यावर चढले होते, आणि त्यांच्या बोळक्या तोंडामुळे किंवा उघड्या टाळूमुळे लग्न अडत नव्हते. नाटकाने प्रेक्षकाला शारदेच्या जागी उभे केले आणि वराचे शरीर तिच्या डोळ्यांनी दाखवले. पुढे मुली शिकल्या, १९२९च्या सारडा कायद्याने लग्नाचे वय वाढू लागले, ‘मुलगी पाहणे’ या कार्यक्रमात मुलगीही मान वर करून पाहू लागली. सुभाषितातले मुलीचे मत पहिल्यांदा मोजले जाऊ लागले, आणि ज्याला आजवर कोणी न्याहाळले नव्हते तो पुरुष नजरेच्या टप्प्यात आला.

दुसरा आक्षेप जीवशास्त्राचा आहे: टक्कल हे उतरत्या तारुण्याचे लक्षण, म्हणून ते जोडीदाराला नकोसे वाटणारच. पण जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४२मध्ये दाखवले ते याला सोयीचे नाही. वयात येण्यापूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना पुरुषी संप्रेरक दिले तर घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागते. म्हणजे ज्या संप्रेरकामुळे दाढी येते त्याच्याशिवाय हे टक्कलही येत नाही, तरी दाढी मर्दानी ठरते आणि टक्कल पराभव. शिवाय हा अर्थ वंशागणिक बदलतो. हॉलिवूडमध्ये युल ब्रिनर मुंडलेल्या डोक्याने नायक झाला तो सयामच्या राजाच्या भूमिकेत. परक्या वंशाच्या पुरुषाचे तुळतुळीत डोके गोऱ्या प्रेक्षकांना आकर्षक वाटायला हरकत नव्हती. पुढे मायकेल जॉर्डनने तेच डोके कृष्णवर्णीय पुरुषाच्या रुबाबाची खूण केले. वास्तविक हे टक्कल सर्वांत जास्त आढळते ते गोऱ्या पुरुषांत. ते मोजण्याची जी पट्टी आज आपल्याकडच्या दवाखान्यांत भिंतीवर दिसते, ती नॉरवुड या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५मध्ये हजार गोऱ्या पुरुषांची डोकी तपासून पक्की केली. आपल्या डोक्यावर काय उणे आहे हे आपण त्या पट्टीवर वाचतो, आणि कातडीत काय उणे आहे ते गोरेपणाच्या क्रीमच्या डबीवर.

केस आणि रंग यांची ही सोयरीक हिंदी सिनेमाने नेमकी पकडली. नोव्हेंबर २०१९मध्ये ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’ हे टकल्या नायकाचे दोन चित्रपट एकाच महिन्यात आले. ‘बाला’चा नायक गोरेपणाचे क्रीम खपवतो, स्वतःचे टक्कल लपवतो आणि त्याच्या वर्गातली सावळी मुलगी त्याला आरसा दाखवते. गंमत अशी की ती सावळी मुलगी दाखवायला एका उजळ नटीचा चेहरा काळवंडवला गेला, आणि त्यावर रास्त टीका झाली. टकलाला माफी देणाऱ्या चित्रपटालाही खरोखरची सावळी नायिका परवडली नाही.

तेव्हा टकलामुळे नकार मिळालेल्या तरुणाचे दुःख खोटे नाही, पण त्याचा रोख चुकतो. मुली फार निवडक झाल्या, असे तो म्हणतो. त्या निवडू लागल्या, एवढेच घडले आहे. ज्या चाळणीतून त्यांच्या आज्या-पणज्या रंग, उंची, केसांची लांबी दाखवत गेल्या, तिच्यात आता तोही पडला आहे. ती चाळणी क्रूर असेल तर ती दोघांसाठीही क्रूरच म्हणावी लागेल, आणि ‘गोरी, सुस्वरूप’ अशी अट घालणाऱ्याला आपल्या टाळूसाठी वेगळा न्याय मागता येत नाही. शिवाय त्याच्याकडे अजून टोपी आहे, औषध आहे, केशरोपण आहे, आणि काहीच नको असेल तर वस्तरा आहे, जो तो स्वतःच्या मर्जीने चालवू शकतो. माजघरातल्या त्या बाईपुढे धोकटी उघडली जाई, तेव्हा तिची मर्जी कोणी विचारत नव्हते.