शेजाऱ्यांची अग्निशामक मंडळी

इ. स. १७३६ च्या ७ डिसेंबरला फिलाडेल्फिया या तेव्हाच्या लहानशा अमेरिकन नगरात बेंजामिन फ्रँकलिन व त्याचे शेजारी यांनी आग विझविण्यासाठी मंडळी स्थापन केली. सभासद तीसच. वेतन कोणासच नाही. उलट प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या व मजबूत पिशव्या घरी सज्ज ठेवावयाच्या. बादल्यांचे प्रयोजन उघड आहे. पण पिशव्या कशाला? जळत्या घरातील चीजवस्तू त्यांत भरून बाहेर काढावयाची! आगीतून वाचलेले चोरांच्या हाती पडू नये, म्हणून दारावर पहाराही असे. घरधन्याने अशा घटकेस आपली तिजोरी शेजाऱ्याच्या हाती द्यावी, हा विश्वास काही सामान्य नव्हे. मासिक सभा चुकविणाऱ्यास दंड होई. त्या पैशांतून बंब, शिड्या व आकडे घेतले जात. पुढे सभासद होऊ इच्छिणारे वाढले, तेव्हा त्यांना दुसरी मंडळी काढावयास सांगण्यात आले. त्यांनी ती काढलीही.