विश्लेषण : अमेरिकेतली छोटी कॉलेजं स्वतःहून खालच्या डिव्हिजनमध्ये का जातात?

मार्च २०२५ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लोरेटो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट फ्रान्सिस युनिव्हर्सिटीचा पुरुष बास्केटबॉल संघ १९९१ नंतर पहिल्यांदाच 'मार्च मॅडनेस' या गाजलेल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत पोहोचला. १८ मार्चला अलाबामा स्टेटविरुद्धचा सामना हा संघ ६८-७० असा अवघ्या दोन गुणांनी हरला. त्यानंतर आठवडाभरातच युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की, आपण डिव्हिजन १ सोडून डिव्हिजन ३ मध्ये जाणार आहोत.

संघ चांगला खेळत असताना दोन पायऱ्या खाली उतरण्याचा निर्णय का घेतला गेला? याचं उत्तर मैदानापेक्षा कॉलेजच्या जमाखर्चात जास्त सापडतं.

डिव्हिजन आणि कॉन्फरन्स म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा स्पर्धांचं नियमन करणारी सगळ्यात मोठी संघटना म्हणजे एनसीएए. १९७३ मध्ये तिने सदस्य कॉलेजांची तीन डिव्हिजनमध्ये विभागणी केली. तिन्हींमधला सगळ्यात मोठा फरक शिष्यवृत्तीचा आहे.

डिव्हिजन १ मध्ये खेळाडूला शिकवणी फी, राहणं, जेवण अशा सगळ्या खर्चाची पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती देता येते. डिव्हिजन २ मध्ये बहुतेक खेळाडूंना अंशतः शिष्यवृत्ती मिळते. डिव्हिजन ३ मध्ये खेळाच्या आधारावर शिष्यवृत्ती देताच येत नाही. तिथल्या खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच गुणवत्तेवर किंवा घरच्या आर्थिक परिस्थितीवर आधारित मदत मिळू शकते. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे. तिच्यात प्रामुख्याने छोटी कॉलेजं असतात आणि तिथे क्रीडा शिष्यवृत्तीला परवानगी आहे.

प्रत्येक डिव्हिजनच्या आत अनेक 'कॉन्फरन्स' असतात. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. वर्षभराचं वेळापत्रक, प्रवासाचं अंतर, प्रतिस्पर्धी कोण आणि राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश कसा मिळणार, हे बरंचसं कॉन्फरन्सवर ठरतं.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. युरोपातल्या फुटबॉल लीगमध्ये तळाला राहिलेला संघ खालच्या गटात ढकलला जातो. अमेरिकन कॉलेजांमध्ये तसं होत नाही. एखादा संघ वर्षानुवर्षं हरला तरी डिव्हिजन १ मध्ये राहू शकतो. डिव्हिजन बदलण्याचा निर्णय कॉलेजचं विश्वस्त मंडळ घेतं, तोही सहसा सगळ्या खेळांसाठी एकदम.

आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा वेगळं काय?

महाराष्ट्रात कॉलेजपुढे असा प्रश्न येत नाही. कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न असतं, त्याच्याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याचा संघ उतरतो. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये खेळतो. कोणत्या गटात खेळायचं, हे कॉलेज ठरवत नाही.

अमेरिकेत मात्र कॉलेज स्वतः अर्ज करतं, कॉन्फरन्सचं निमंत्रण मिळवतं आणि जुनं नातं तोडून नवं जोडतं. म्हणूनच तिथे हा निर्णय प्रवेश, देणग्या आणि कॉलेजची ओळख या सगळ्यांशी जोडलेला असतो.

गणित उलटं कसं होतं?

समजा, एका छोट्या खासगी कॉलेजने डिव्हिजन ३ मध्ये फुटबॉल संघ सुरू केला. संघात १०० मुलं आली आणि सवलती वजा जाता प्रत्येकाने वर्षाला २०,००० डॉलर भरले, तर कॉलेजच्या तिजोरीत २० लाख डॉलर जमा होतील. प्रशिक्षकांचे पगार, साहित्य आणि प्रवास यांचा खर्च त्यापेक्षा कमी असेल, तर संघ कॉलेजला पैसे मिळवून देतो.

आता हेच कॉलेज डिव्हिजन १ मध्ये आहे असं समजा. तिथे अनेक खेळाडूंची फी कॉलेजच भरतं. प्रशिक्षकांचे पगार मोठे, प्रवास लांबचा आणि किमान १४ खेळांचे संघ ठेवण्याची अट. मोठ्या विद्यापीठांना टीव्ही हक्क आणि तिकीट विक्रीतून यासाठी पैसे मिळतात. छोट्या कॉलेजकडे हे उत्पन्न फारसं नसतं. तूट भरून काढायला विद्यार्थ्यांची फी आणि कॉलेजचा सर्वसाधारण निधी वापरला जातो.

थोडक्यात, डिव्हिजन १ मध्ये कॉलेज खेळाडूवर पैसे खर्च करतं, तर डिव्हिजन ३ मध्ये खेळाडू फी भरून कॉलेज चालवायला हातभार लावतो. 'खाली' जाणं छोट्या कॉलेजांना आकर्षक वाटतं, ते यामुळे.

हा प्रश्न आत्ताच का पेटला?

पहिलं कारण लोकसंख्येचं. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेतला जन्मदर घसरला. ती मुलं आता कॉलेजच्या वयात येत आहेत, त्यामुळे पुढची अनेक वर्षं शाळा पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत जाण्याचा अंदाज आहे. फीवर चालणाऱ्या छोट्या कॉलेजांना एकेका विद्यार्थ्यासाठी झगडावं लागतंय.

दुसरं कारण खेळातल्या पैशाचं. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपलं नाव आणि प्रतिमा वापरून जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये कोर्टाने 'हाउस विरुद्ध एनसीएए' या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार २०२५-२६ या वर्षात एखादं कॉलेज आपल्या खेळाडूंना थेट सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं. शिवाय माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई द्यायची आहे. तिचा एक भाग एनसीएएकडून डिव्हिजन १ च्या कॉलेजांना मिळणाऱ्या रकमेतून कापला जाणार आहे. म्हणजे खेळाडूंना एक डॉलरही न देणाऱ्या छोट्या कॉलेजालाही याची झळ बसते.

तिसरं कारण कॉलेज बदलण्याच्या सोप्या झालेल्या नियमांचं. छोट्या कॉलेजने घडवलेला चांगला खेळाडू पुढच्याच हंगामात मोठ्या विद्यापीठात जाऊ शकतो. सेंट फ्रान्सिसने निर्णय जाहीर करताना खेळाडूंना मिळणारे पैसे आणि ही ये-जा, या दोन्हींचा उल्लेख केला होता. २०२६-२७ पासून ही युनिव्हर्सिटी डिव्हिजन ३ मधल्या प्रेसिडेंट्स अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये खेळेल, असं ठरलं आहे.

यशाच्या शिखरावरून माघार

असं पहिल्यांदाच घडलेलं नाही. कनेक्टिकट राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ हार्टफर्डचा पुरुष बास्केटबॉल संघ २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा मार्च मॅडनेसमध्ये पोहोचला. पहिल्याच फेरीत तो बेलरकडून हरला आणि पुढे बेलरनेच विजेतेपद पटकावलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मे २०२१ मध्ये, हार्टफर्डच्या नियामक मंडळाने डिव्हिजन ३ मध्ये जाण्याचा ठराव केला.

खेळाडू, माजी विद्यार्थी आणि चाहते संतापले. डिव्हिजन १ च्या भरवशावर प्रवेश घेतलेल्यांचा सवाल साधा होता : आम्हाला दिलेल्या शब्दाचं काय? निर्णय मात्र बदलला नाही आणि २०२५ मध्ये हार्टफर्ड डिव्हिजन ३ चं पूर्ण सदस्य झालं.

वर जाणारं कॉलेजही आहे

मिनेसोटा राज्यातली युनिव्हर्सिटी ऑफ सेंट थॉमस १९२० मध्ये स्थापन झालेल्या एमआयएसी या कॉन्फरन्सच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. डिव्हिजन ३ मधल्या या कॉन्फरन्समध्ये बाकीची बहुतेक कॉलेजं सेंट थॉमसपेक्षा बरीच लहान होती. २०१७ मध्ये सेंट थॉमसने फुटबॉलमध्ये सेंट ओलाफ कॉलेजचा ९७-० असा धुव्वा उडवला. असे एकतर्फी निकाल इतरांना खटकू लागले. अखेर २०१९ मध्ये स्पर्धेत समतोल राहावा, असं कारण देत सेंट थॉमसला कॉन्फरन्सबाहेर काढण्यात आलं.

सेंट थॉमसने मग २०२१ मध्ये डिव्हिजन ३ मधून थेट डिव्हिजन १ मध्ये उडी घेतली. आधुनिक काळात असं करणारं हे पहिलं कॉलेज. ही वाट सोपी नाही. डिव्हिजन १ च्या एखाद्या कॉन्फरन्सचं निमंत्रण हवं, दहा लाख डॉलरहून अधिक शुल्क भरावं लागतं आणि संक्रमणाच्या काळात एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येत नाही. त्या वर्षांत कॉलेजमध्ये असलेल्या खेळाडूंची ती संधी कायमची जाते.

डिव्हिजन बदलली की कॉलेज वाचतं का?

अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजची कहाणी इथे महत्त्वाची ठरते. एनएआयएमध्ये यश मिळवल्यावर हे कॉलेज डिव्हिजन १ मध्ये गेलं. खर्च झेपेना, म्हणून २००६ मध्ये विश्वस्तांनी डिव्हिजन ३ ची वाट धरली. विद्यार्थी वाढावेत यासाठी २००७ मध्ये अनेक दशकं बंद असलेला फुटबॉल संघही पुन्हा सुरू केला.

हिशेब कागदावर बरोबर होता, पण कॉलेजचं आर्थिक दुखणं खेळापुरतं नव्हतं. वाढता खर्च, आर्थिक नियोजनातल्या चुका आणि घटते विद्यार्थी यांतून कॉलेज सावरलं नाही. राज्याकडे मागितलेलं कर्ज नाकारलं गेलं आणि ३१ मे २०२४ रोजी कॉलेज कायमचं बंद झालं. त्याच वेळी त्याचा बेसबॉल संघ ओहायोमध्ये डिव्हिजन ३ ची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा खेळत होता. कॉलेज उरलं नव्हतं, तरी संघ मैदानात होता.

डिव्हिजन बदलल्याने खर्चाचा एक मोठा भार कमी होतो. पण विद्यार्थी आपोआप येत नाहीत. खेळायला आलेल्या मुलाला शिक्षणही चांगलं मिळालं, तरच तो चार वर्षं टिकतो आणि फी भरतो.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावं?

टेनिस, स्क्वॉश, पोहणं किंवा अ‍ॅथलेटिक्सच्या जोरावर अमेरिकेत शिकायला जाण्याचं स्वप्न अनेक भारतीय मुलं पाहतात. अशा वेळी कॉलेजच्या नावाइतकीच त्याची डिव्हिजन महत्त्वाची ठरते. डिव्हिजन ३ चा प्रशिक्षक 'संघात घेतो' म्हणाला, तरी त्याचा अर्थ क्रीडा शिष्यवृत्ती मिळेल असा होत नाही. तिथे मिळणारी मदत गुणांवर किंवा आर्थिक गरजेवर ठरते.

डिव्हिजन १ किंवा २ च्या छोट्या कॉलेजमध्ये जायचं असेल, तर आणखी काही प्रश्न आधीच विचारायला हवेत. डिव्हिजन किंवा कॉन्फरन्स बदलण्याचा विचार सुरू आहे का? तसं झालं, तर आपली शिष्यवृत्ती किती वर्षं टिकेल? आणि उत्तर तोंडी मिळणार की लेखी?