डीजे व्हायचंय? रत्नागिरीत सुरुवात करण्याआधी हे समजून घ्या

"यंदा डीजे कोणाचा आहे?" हा प्रश्न रत्नागिरीत कुणी विचारला, तर त्याच्या मनात बहुतेक वेळा माणूस नसतो, स्पीकरचे बॉक्स असतात. 'डीजे लावला', 'डीजे बंद पाडला', 'डीजेवर बंदी' असं आपण बोलतो, तेव्हा डीजे ही एक वस्तू झालेली असते. टेम्पोवर रचलेली, छातीत धडधड करणारी भिंत.

हा गोंधळ फक्त शब्दाचा नाही, पैशाचाही आहे. डीजे व्हायचं ठरवलेले अनेक तरुण पहिली कमाई किंवा पहिलं कर्ज बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालतात, गाणं जोडायला मात्र शिकतच नाहीत. खरं तर क्रम याच्या उलट हवा. आधी कान, मग हात, मग गाण्यांचा साठा आणि सगळ्यात शेवटी आवाज.

डीजे म्हणजे नेमकं कोण?

डीजे म्हणजे डिस्क जॉकी. हा शब्द मुळात रेडिओवर रेकॉर्ड लावणाऱ्या निवेदकासाठी वापरला जायचा. आजचा डीजे वेगळा आहे. एक गाणं लोक ऐकत असताना तो हेडफोनवर दुसरं गाणं तयार ठेवतो आणि नाच न थांबता दोन्ही जोडतो.

या पद्धतीच्या इतिहासात एक तारीख नेहमी सांगितली जाते, ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीत झालेल्या पार्टीत डीजे कूल हर्क यांनी दोन टर्नटेबल वापरून गाण्यातला लोकांना नाचवणारा तालाचा तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपची सुरुवात तिथून मानली जाते. साधनं बदलली, पण तत्त्व तेच राहिलं. दोन गाणी, एक मिक्सर आणि समोरच्या गर्दीकडे लक्ष.

म्हणजे साऊंड सिस्टिम भाड्याने देणं हा एक व्यवसाय आणि डीजेइंग ही वेगळी कला. दोन्ही एकच माणूस करू शकतो, पण नवख्याने दोन्ही एकदम सुरू करायची गरज नाही.

सुरुवातीला काय घ्यावं?

पहिला महिना फक्त लॅपटॉप आणि साध्या हेडफोनवरही निघतो. मिक्स हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. व्हर्च्युअल डीजे घरगुती, बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत मिळतं. सराव रोज होतोय, कंटाळा येत नाही, एवढी खात्री पटली की पुढची खरेदी करावी.

पुढची खरेदी म्हणजे दोन चॅनेलचा कंट्रोलर. पायोनियर डीजे, न्यूमार्क, हर्क्युलीस या कंपन्यांचे नवख्यांसाठीचे कंट्रोलर भारतात मिळतात. त्यातले बरेचसे लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतात आणि रेकॉर्डबॉक्स किंवा सेराटो या सॉफ्टवेअरशी जुळतात. घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. हेडफोनसाठी वेगळं आउटपुट आहे का, म्हणजे लोकांना ऐकू न जाता पुढचं गाणं ऐकता येईल का? दोन्ही बाजूंना टेम्पोची लांब पट्टी आणि प्रत्येक चॅनेलला हाय, मिड, लो अशी तीन बटणं आहेत का? आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती त्यासोबत मिळते? जुना कंट्रोलर घेत असाल तर प्रत्येक फेडर सरकवून आणि प्रत्येक बटण दाबून बघायलाच हवं.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे असावेत. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ताल जुळवताना तेवढा उशीरही चालत नाही.

बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, लाइट, जनरेटर यातलं काहीही सुरुवातीला विकत घेऊ नये. पहिल्या काही कार्यक्रमांना ते भाड्याने मिळतं किंवा मंडपवाल्याकडे आधीच असतं.

सराव कशाचा करायचा?

पहिली पायरी मोजणीची. नाचाची बहुतेक गाणी चार ठोक्यांच्या आवर्तनात बांधलेली असतात आणि त्यांचे भाग साधारण १६ किंवा ३२ ठोक्यांवर बदलतात. गाण्याचा वेग बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके, असा मोजतात. १०० बीपीएमच्या गाण्यात एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे ३२ ठोके साधारण १९ सेकंदांत संपतात. नवं गाणं आणून बसवायला डीजेच्या हातात असलेला वेळ हा एवढाच.

दुसरी पायरी वेग जुळवण्याची. एक गाणं १०० आणि दुसरं १०४ बीपीएमचं असेल, तर पहिलं ४ टक्के वाढवावं लागतं. फरक ६ टक्क्यांच्या आसपास गेला की स्वर जवळपास अर्ध्या पट्टीने सरकतो आणि ओळखीचा गायक अनोळखी वाटू लागतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'की लॉक' असतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. 'सिंक' बटण वेग आपोआप जुळवतं. ते वापरण्यात कमीपणा काहीच नाही, पण ते चुकलंय हे ओळखायला कान लागतोच.

मराठी गाण्यांत ते बऱ्याचदा चुकतं. जुनी गाणी वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेली असल्याने त्यांचा वेग मध्येच थोडा पुढेमागे होतो. अनेक कोळीगीतं आणि लोकगीतं सहाच्या ठेक्यात असतात, तर सॉफ्टवेअर चारच्या हिशोबाने रेषा आखतं. हळदीला हीच गाणी सगळ्यात जास्त मागितली जातात. त्यामुळे अशा गाण्यांच्या खुणा हाताने दुरुस्त करून ठेवणं हा रत्नागिरीतल्या डीजेसाठी नेहमीच्या कामाचा भाग आहे.

तिसरी पायरी बेसची. दोन गाण्यांचा बेस एकाच वेळी चालू राहिला की नुसता गडगडाट ऐकू येतो. म्हणून नवं गाणं आणताना त्याचा लो कमी ठेवायचा, आणि भाग बदलला की जुन्याचा लो काढून नव्याचा द्यायचा. या एका सवयीने मिक्स लगेच स्वच्छ होतो.

रोज तासभर सराव, आठवड्याला अर्ध्या तासाचं एक रेकॉर्डिंग आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऐकणं, असं तीन महिने केलं तर बराच फरक पडतो.

गाण्यांचा साठा आणि क्रम

गाणी विकत घेतलेली, चांगल्या दर्जाची असावीत. ३२० केबीपीएसची एमपी३ किंवा वेव्ह फाइल मोठ्या स्पीकरवर टिकते. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं मोबाइलवर बरं वाटतं, हॉलमध्ये मात्र त्याचा बेस पोकळ आणि वरचा आवाज चिरका येतो. फोल्डर प्रसंगानुसार करावेत: हळद, वरात, संगीत, वाढदिवस, गरबा, लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी. सगळा साठा दोन पेनड्राइव्हवर ठेवावा. कोकणात अनेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे ऑनलाइन गाण्यांवर भरवसा ठेवणं धोक्याचं.

क्रम हा खरा कस. सगळ्यांना माहीत असलेलं 'झिंगाट' पहिल्या दहा मिनिटांत वाजवून टाकलं, तर पुढचे दोन तास काय करणार? लोक जेवून उठेपर्यंत हलकी गाणी, मग ओळखीची, मग वेग, आणि मध्ये थोडा विसावा. कोण उठून नाचतंय, कोण खुर्चीत बसलंय, आजी कुठल्या गाण्याला टाळी देतेय, हे बघून पुढचं गाणं ठरतं.

पहिली ऑर्डर कशी मिळते?

रत्नागिरीचं कामाचं वर्ष सणांवर आणि पावसावर चालतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते ती पावसाच्या तोंडापर्यंत. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात, पण या सणांचा जीव ढोल-ताशा, पालखी, भजन आणि जाखडीत आहे. तिथे स्वतःला घुसवण्यापेक्षा नवरात्रीचा गरबा, हळद, साखरपुडा, वाढदिवस, कॉलेजचं स्नेहसंमेलन अशी कामं नवख्याला जास्त सोयीची.

सगळ्यात चांगली शाळा म्हणजे एखाद्या अनुभवी साऊंडवाल्याकडे हंगामभर मदतनीस होणं. वायर गुंडाळण्यापासून सुरुवात होते, पण कुठल्या हॉलमध्ये आवाज घुमतो, प्लग पॉइंट कुठे आहे, नवरदेवाचा मामा कोणत्या वेळी माइक मागतो, हे पुस्तकातून कळत नाही.

काम ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी घ्यावं. किती तास, साऊंड कोणाचं, परवानगी कोण काढणार, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, वेळ वाढली तर किती, इसार किती, हे सगळं त्यात असावं.

कायदा काय सांगतो?

इथे 'आम्हाला कोणी सांगितलं नाही' हे कारण चालत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते. त्यासाठी अर्ज घेऊन आधी स्थानिक पोलिस ठाण्यात जावं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत आतल्या आत वाजवायला यातून सूट आहे. लग्नाचं लॉन, मंडप आणि गच्ची मात्र बंदिस्त जागा ठरत नाहीत. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागी स्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागात दिवसाही ६५. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं.

२००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० नंतरच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. २०१८मध्ये गणेश विसर्जनात डीजे वाजवू द्यावा म्हणून साऊंड व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. आवाज मोठा हेच ज्याचं भांडवल आहे, त्याचा धंदा एका आदेशाने थांबू शकतो. गाणं जोडता येणाऱ्याला कमी आवाजातही काम मिळतं.

गाणी वाजवायला लायसन्स लागतं का?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे येतात. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग विभागाने सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. गोवा सरकारने याच विषयावर २०२४मध्ये काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं, पण कलम कायद्यात तसंच आहे. तिकीट लावलेली थर्टी फर्स्टची पार्टी, हॉटेल, रिसॉर्ट किंवा कंपनीचा कार्यक्रम या सुटीत बसत नाही. तिथे आयपीआरएस, पीपीएल यांसारख्या हक्कधारक संस्थांचं लायसन्स लागतं. ते आयोजकाने काढायचं की डीजेने, हे आधीच ठरवावं. दुसऱ्याच्या गाण्याचा रिमिक्स परवानगीशिवाय सोशल मीडियावर टाकला, तर तो काढला जाऊ शकतो.

कान आणि कोकणची हवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला फक्त २० मिनिटांवर. एका लग्नातच डीजेचा आठवड्याचा कोटा संपू शकतो. गेलेली ऐकण्याची ताकद सहसा परत येत नाही आणि या कामात कान हेच हत्यार. त्यामुळे पहिल्या मानधनातून इअरप्लग घ्यावेत, बॉक्सपासून बाजूला उभं राहावं आणि कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर डॉक्टरकडे जावं.

सामानालाही जपावं लागतं. खारी, दमट हवा जॅक आणि पिना गंजवते. कंट्रोलर कोरड्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. वीज परत यायच्या आत मुख्य आवाज खाली घ्यायची सवय लावावी. चालू करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. मिक्सरवर लाल दिवा सतत पेटत असेल, तर आवाज वाढत नाही, फाटतो, आणि स्पीकर जळण्याचा धोका असतो.

पहिल्या वर्षाचा हिशोब सोपा ठेवता येतो. एक कंट्रोलर, एक चांगला हेडफोन, हाताने नीट लावलेली दोनशे गाणी आणि एखाद्या जाणत्या साऊंडवाल्यासोबत काढलेला एक हंगाम. एवढं झाल्यावरही स्वतःचे बॉक्स घ्यावेसे वाटले, तर ते घ्यायला काही हरकत नाही. तोपर्यंत त्यातून काय वाजवायचं हे तरी ठाऊक झालेलं असेल.