धुराचा रंग बघायचा की कण मोजायचे?

डिझेल गाडीची पीयूसी कशी करतात ते कधी नीट पाहिलंय? सायलेन्सरमध्ये नळी खुपसतात, न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर दाबतात आणि स्क्रीनवर एक आकडा येतो. आम्हा सीवूड्सकरांना उरण फाट्याहून न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचा धूर काही नवा नाही. पण तो आकडा म्हणजे नक्की काय? त्यामागे जवळजवळ १४० वर्षांची गोष्ट आहे.

साल १८८८. फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाच्या प्राध्यापकाने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचा एक तक्ता केला. चिमणीच्या धुराशी तुलना करायची आणि जुळणारी छटा सांगायची, झालं! त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जॉन एटकनने हवेतले कण मोजायची युक्ती प्रसिद्ध केली. दमट हवा एकदम प्रसरण पावली की थंड होते आणि कणाकणावर पाण्याचा थेंब धरतो. कण दिसत नाहीत, पण थेंब भिंगातून मोजता येतात.

म्हणजे एकाने रंग पाहिला, दुसऱ्याने कण मोजले. जग गेलं रंगामागे, कारण ते सोपं होतं. गिरण्यांच्या मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, तेव्हाही तक्रार डोळ्यांना दिसणाऱ्या धुराचीच होती. पीयूसीचं मशीन याच घराण्यातलं. ४३ सेंटीमीटर धुरातून किती टक्के प्रकाश अडतो, तो हा आकडा. जुन्या डिझेल गाडीला मर्यादा ६५, भारत स्टेज चारला ५०.

मग आला लेसर. १९७७ साली अमेरिकेत ॲलन एकब्रेथ यांनी एक अडचण मांडली: ज्वालेत लेसर सोडून आपल्या रामन साहेबांच्या परिणामाने मोजमाप करायला गेलं, की काजळीचे कण तापून स्वतःच चमकतात आणि सिग्नल बिघडवतात. १९८४ मध्ये लिन मेल्टन यांनी विचार उलटा केला. कण चमकतात ना, मग त्या चमकेवरूनच काजळी किती ते काढा! आपल्या भाषेत, बगचं फीचर झालं.

दुसरीकडे एटकनची युक्तीही परत आली. आता पाण्याऐवजी ब्युटेनॉलची वाफ, आणि भिंगाऐवजी लेसर. थेंब किरणातून गेला की प्रकाश विखुरतो, एक कण मोजला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहामध्ये डिझेल कारला हीच मोजणी लागू झाली: किलोमीटरला जास्तीत जास्त ६०,००० कोटी कण. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत नव्या मॉडेलची ही परीक्षा होते.

आकडा प्रचंड वाटतो, पण चांगल्या फिल्टरशिवाय तो गाठणं अवघड. आणि खरी मेख इथेच आहे. नवी गाडी लेसरने तपासतात, रस्त्यावरची मात्र अजून प्रकाश अडवूनच. फिल्टर तडकला किंवा कुणी काढून टाकला, तरी धूर डोळ्यांना स्वच्छ दिसू शकतो आणि गाडी पास होऊ शकते. फुफ्फुसात खोल जातात ते हेच न दिसणारे कण. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय.

नेदरलँड्समध्ये २०२३ पासून फिल्टरवाल्या डिझेल गाड्यांच्या नेहमीच्या तपासणीतही कण मोजतात. आपल्याकडे एटकनची युक्ती प्रयोगशाळेपर्यंत पोचली आहे. पीयूसीच्या टपरीपर्यंत पोचायची बाकी आहे.