मनमाड, कुर्डुवाडी आणि घरातला राउटर



माझे शिक्षण मालधक्क्यावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा इंटरनेटच्या मंद वेगावर बोलावयास उभा राहून मी आरंभ रेल्वेपासून केला, तर आपण नवल मानू नये.

आपल्या मराठवाड्याकडे रुंद वाट नेहमी उशिराच वळली. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात मनमाड–हैदराबाद रेल्वे झाली आणि नांदेड तिच्यावर आले. पण ती मीटर गेज, म्हणजे रुळांमधले अंतर १ मीटर. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. तिचे रूळ अवघे अडीच फुटी. मुंबईची मोठी गाडी मात्र साडेपाच फुटी रुळांवर धावे. परिणाम काय झाला? मुंबईला जाणारा नांदेडचा माल मनमाडला, तर लातूरचा कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. पोती हमालाच्या पाठीवरून जात. माल रखडला की बोल मात्र हमालालाच. वस्तुतः खोळंबा होता तो दोन निरनिराळ्या रुंदींच्या सांध्यावर.

त्याच बार्शी लाइटची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी दर आसावरील भार ५ टन असा नेमून इंजिन, डबे व रूळ एकमेकांच्या मापाने घडविले. त्यामुळे अरुंद वाटेवरूनही पुष्कळ माल जाऊ लागला. सर्व अंगे एका मापाची असावीत, हा त्यातील धडा.

आता तारेकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले. २००४ च्या सरकारी धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. २०२३ साली ही किमान मर्यादा २ मेगाबिटांवर नेण्यात आली. पूर्वीची तांब्याची तार बोलण्यासाठी टाकलेली. टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितके दूर, तितका वेग कमी. फायबरच्या काचतंतूतून प्रकाश धावतो, म्हणून ती अडचण पुष्कळ अंशी सरली. मोठी लाइन अशी उंबरठ्यापर्यंत आली आणि मनमाड घरात शिरले! राउटर हाच आता तो सांधा. तेथे तार संपते आणि हवेतील लहरी सुरू होतात.

हे मला कसे कळले, ते सांगतो. आमचे घर जुने, भिंती जाड. नेट रखडू लागले तशा मी एकामागून एक तीन तक्रारी नोंदविल्या. लाइनमन आला, कंत्राटावरचा तरुण पोरगा. म्हणाला, “काका, आधी मोजून तर बघा.” त्याने राउटरला वायर लावून लॅपटॉप जोडला, १०० मेगाबिटांच्या प्लॅनवर ९४ भरले. मागच्या खोलीत वायफायवर जेमतेम १५. राउटर मीच लोखंडी कपाटामागे दडविला होता! जाता जाता तो म्हणाला, की दर तक्रारीमागे त्याच्या पगारातून पैसे कापतात. ज्याने उभे आयुष्य दंड-कपातीविरुद्ध मोर्चे काढले, त्याच्याच बोटाने एका कामगाराला दंड झाला होता. मी तक्रारी मागे घेतल्या. कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

म्हणून विनंती अशी, की आधी सांधा शोधावा. राउटरला वायरने लॅपटॉप जोडून वेग मोजावा. तो पुरा भरला तर लाइन निर्दोष. तेथेच कमी भरला तर सकाळी व रात्री पुन्हा मोजावे. रात्रीच घसरत असेल तर पुढे गर्दी आहे असे समजावे, आणि वेळा लिहून मगच तक्रार करावी. हिशेबातही फसू नये: ८ बिटांचा १ बाइट, तेव्हा १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. राउटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे दमते.

नवा घेताना दोन्ही लहरींचा घ्यावा. प्लॅन १०० मेगाबिटांहून मोठा असेल तर गिगाबिट पोर्ट पाहावा. अँटेना किती, यावर भुलू नये. फोन जुना असेल तर महागड्या राउटरचा उपयोग थोडाच. येथे कॅलथ्रॉपसाहेबांचे माप आठवावे. घर दुमजली असेल तर एका मोठ्या डब्यापेक्षा वायरने जोडलेला दुसरा लहान डबा अधिक कामाचा.

नांदेडची लाइन १९९० नंतरच्या दशकात रुंद झाली, लातूर–कुर्डुवाडी २००८ पर्यंत. मालाची ती चढ-उतार तेव्हा संपली. हमालाला बोल लावून ती कधीच संपली नसती. लाइनमनवर बोट उगारण्यापूर्वी एवढे आठवावे, इतकेच मागून मी आपली रजा घेतो.