डूलॅली, ब्लायटी आणि या हुसेन

उमरखेडला आमच्या घरी कुणी फार किरकिर केली की अम्मी म्हणायची, "डोक्याला ताप नको देऊ." हाच ताप ब्रिटिश शिपायांच्या बोलीतही जाऊन बसला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

नाशिकजवळ देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. जहाजं ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे काहींचे महिने रिकामे जात. हाताला काम नाही, वर ऊन आणि हिवताप. काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागत. अशांना सोबत्यांनी नाव दिलं, 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. पुढे टॅप गळाला. इंग्लंडमध्ये आजही डोकं फिरलेल्या माणसाला डूलॅली म्हणतात.

दुसरा शब्द 'ब्लायटी'. मूळ अरबी 'विलायत', म्हणजे अंमलाखालचा प्रदेश. आपल्याकडे विलायत म्हणजे साहेबाचा दूरदेश झाला. विलायतीचं कुठे बिलायती झालं आणि गोऱ्या शिपायाच्या तोंडी त्याचंच ब्लायटी. १९१४ च्या महायुद्धात खंदकातला शिपाई घरच्या ओढीने हा शब्द उच्चारायचा. आपल्याला जे परकं, ते त्याचं घर.

तिसरा शब्द मला टोचतो. मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही शोकाची हाक गोऱ्या शिपायांनी ऐकली आणि तिचं 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. जणू दोन इंग्रजांची आडनावंच. हेन्री यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये अशा अँग्लो-इंडियन शब्दांचा मोठा कोश काढला, त्यालाही हेच नाव दिलं. करबलाचं दुःख असं गमतीचं झालं.

पण देवळालीच्या शिपायाचं दुःखही गमतीचंच झालं की! फरक एवढाच, की तिथे हसणारे त्याचेच भाऊबंद होते.

मी पुण्यात शिकायला गेलो, तेव्हा माझ्या बोलण्यातल्या 'अम्मी', 'खाला'वर मुलं हसायची. "हे कुठलं मराठी?" मी ओशाळून गप्प बसायचो. आज सांगेन, हसण्याआधी शब्दाला त्याचं गाव विचारा. हसणाऱ्यांच्या तोंडचे हजर, जमीन, कागद, वकील हे शब्दही अरबी-फारसीच्याच वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले.