घडावरची पिशवी आणि सालीचा भाव

अर्धापूर, मुदखेड, नांदेड पट्ट्यातल्या केळीबागांत घडांवर पिशव्या दिसू लागल्या ही अलीकडची गोष्ट. घड झाकण्याची रीत मात्र जुनी आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो. घडाच्या वाकलेल्या दांड्यावर थेट ऊन पडलं की दांडा करपतो, सडतो आणि मोडतो. म्हणून त्याच झाडाची वाळलेली पानं दांड्यावर आणि घडावर गुंडाळायची, हा बिनखर्चाचा उपाय केळी उत्पादकांना ठाऊक होता. त्यानं घड वाचत असे, साल नाही. वाऱ्यानं हलणारं वाळलेलं पान कोवळ्या फळावर घासतं आणि काळे चट्टे पडतात. तरीही कुणाची तक्रार नव्हती, आणि ही तक्रार नसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. प्लॅस्टिकची पिशवी नांदेडात आली ती शेतीचं ज्ञान वाढलं म्हणून कमी, आणि केळी विकण्याची पद्धत बदलली म्हणून जास्त.

येलदरी-सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांच्या कालव्यांनी या भागात बागायत वाढवली. बसराई आणि अर्धापुरी या वाणांचे अख्खे घड कापायचे, पाला अंथरून ट्रकमध्ये रचायचे आणि वजनावर विकायचे, असा व्यवहार होता. त्यात डाग पडलेल्या सालीनं कुणाचं काही बिघडत नसे. जगातही क्रम हाच दिसतो. मध्य अमेरिकेतून जाड सालीच्या ग्रो मिशेल केळीचे घड उघडेच जहाजांत चढत. पनामा रोगानं ते वाण बसलं. 1960 च्या दशकापर्यंत त्याची जागा नाजूक सालीच्या कॅव्हेंडिशनं घेतली, फण्या सुट्या करून खोक्यांत भरणं सुरू झालं आणि त्याच काळात घडावरची पॉलिथिनची पिशवी रूढ होत गेली. आपल्याकडे 1990 च्या दशकात जळगावमार्गे ग्रँड नैनची ऊतिसंवर्धित रोपं आली, ठिबक आलं. पुढे इराण आणि आखाती देशांसाठी खोकी भरली जाऊ लागली. खोक्यात फणी निवडून भरावी लागते. डागी फणी बाजूला पडते. सालीला भाव आला तो तेव्हा.

यावर कुणी म्हणेल की पिशवीचा फायदा बाजाराशिवायही आहे. आतली ऊब वाढते, फळ लवकर भरतं, वजन चढतं. थंडीत हे खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि तेव्हा निसवलेल्या घडांना आधार मिळतो. पण उन्हाळ्यात बंद पिशवीत फळ भाजतं, म्हणून तिला छिद्रं ठेवावी लागतात किंवा न विणलेलं पातळ कापड वापरावं लागतं. शिवाय फुलकिडे केळफूल उमलतानाच आत शिरतात. सगळ्या फण्या मोकळ्या झाल्यावर चढवलेली पिशवी त्यांना उशिराच गाठते. एवढ्या मर्यादा असलेली वस्तू, प्रत्येक घडाला वेगळी मजुरी देऊन, निव्वळ वजनासाठी कुणी वापरली नसती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सालीला भाव आला असेल तर अजून इतक्या बागा उघड्या का? कारण तो भाव निर्यातीच्या खोक्यापुरताच आहे. स्थानिक व्यापारी अनेकदा झाकलेल्या आणि उघड्या बागेला क्विंटलमागे एकच दर लावतो. अशा शेतकऱ्याला आळशी किंवा अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचा हिशेब बरोबर आहे. शेजारच्या लातूरचा प्रश्न तर त्याही आधीचा, पाण्याचा. 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात बारमाही पाणी मागणारी केळी मोठ्या क्षेत्रावर वाढणं कठीणच होतं.

वापरलेल्या पिशवीचं काय, हेही विचारलं पाहिजे. वाळलेलं पान बागेतच कुजून खत होई. कोस्टारिकात कीटकनाशक लावलेल्या निळ्या पिशव्या नद्यांत साचल्या. गोदावरी आणि आसनेच्या काठी तसं होऊ देता कामा नये. तेव्हा नांदेडच्या खरेदीदारांनी प्रतवारीप्रमाणे दर आधी जाहीर करावा आणि कापणीनंतर पिशव्या परत गोळा करण्याची जबाबदारीही घ्यावी. स्वच्छ साल त्यांना हवी आहे, तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये.